रुमालातली चकती

घाटकोपरहून गोराईला मी याआधी चार वेळा गेले होते आणि गोराई एकदाही पाहिली नव्हती. आमच्या कॉलनीतून दरवर्षी बस निघते ती खाडीपलीकडच्या सोनेरी पगोड्याला. पगोडा बघायचा, आत दहा मिनिटं डोळे मिटून बसायचं, बाहेर येऊन डबे उघडायचे, परत. पगोड्यापुढे रस्ता जातो, रस्त्यापुढे गाव आहे, गावात भाताची शेतं आहेत आणि शेतांच्या मधोमध चर्च आहे, हे मला चौतिसाव्या वर्षी कळलं. तेही भावामुळे.

सुमेध माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान. कांदिवलीला नोकरीला आहे, तिथेच त्याला शेरल भेटली. गोराईची, ईस्ट इंडियन. म्हणजे इथलेच मूळचे लोक, घरात मराठी बोलणारे, धर्माने कॅथलिक. आईला हे कळलं तेव्हा ती पोळ्या लाटत होती. लाटणं न थांबवता म्हणाली, "मुलगी कशी आहे ते नंतर. माणसं कशी आहेत?" मग माझ्याकडे वळली. "तू जा. त्यांनी सणाला बोलावलंय ना, राहून ये. तू जे सांगशील ते मी मानीन."

असा भार आई माझ्यावर टाकते, कारण घरातली पहिली पदवीधर मी. हे मी कुठेही सांगते, कोणाला खटकलं तर खटकू दे. वडील बस डेपोत हेल्पर होते, जालन्याहून एका पिशवीनिशी आले. मी आता एका कॉलेजच्या परीक्षा विभागात आहे. बारा वर्षं मुलांचे फॉर्म तपासतेय आणि बारा वर्षं एकच वाक्य ओरडतेय: वाचल्याशिवाय सही करायची नाही.

शनिवार

बोरिवलीच्या जेट्टीवर पोहोचलो तेव्हा ओहोटी होती. बोट पलीकडे लागली आणि उतरताना माझा पाय फळीवरून घसरून थेट चिखलात. चप्पल आत राहिली. सुमेध ती काढायच्या ऐवजी हसत बसला. शेवटी बोटीवरच्या एका कोळिणीने कोपरापर्यंत हात घालून ती उपसून दिली, वर म्हणाली, "खाडीने घेतलं ते देत नाय, तुजं नशीब बरं." अशा एका काळ्या पायाने मी भावाच्या होणाऱ्या सासरी पोहोचले.

घर कौलारू, पुढे ओटी, अंगणात पांढरा क्रूस. क्रूसाला झेंडूची माळ. आमच्या विहारातही झेंडूच असतो, त्यामुळे उगाच जरा बरं वाटलं. शेरलची आजी दारात उभी होती. तिला सगळं गाव मोठी आय म्हणतं. ऐंशीच्या पुढची, लुगडं नेसलेली, कानात जड सोनं. माझा पाय बघून तिने कोणाला हाक मारली नाही. स्वतः तांब्या आणला आणि वाकून माझ्या पायावर पाणी ओतलं. मी "अहो, राहू दे" म्हणत राहिले.

"गप उभी रव," ती म्हणाली. "पाव्हनी हायस."

जेवायला कोळंबीचं कालवण, तांदळाची भाकरी, सुके बोंबील. कालवणात त्यांचा बाटली मसाला. वर्षाचा मसाला कांडून बिअरच्या रंगीत बाटल्यांत ठासून भरतात, म्हणून ते नाव. आमच्याकडे जालन्याचा येसर असतो, तो पत्र्याच्या डब्यात. मी विचारलं, बाटलीच का? शेरलचे वडील पास्कल अंकल म्हणाले, "कारण बाटल्या रिकाम्या होत्या." शेरलने त्यांच्याकडे डोळे वटारून बघितलं. अंकल अंधेरीच्या कारखान्यात फिटर होते, आता शेती बघतात आणि चर्चच्या कामात असतात. शेरलची आई चार वर्षांपूर्वी गेली.

संध्याकाळी ओटीवर बसलो आणि मोठी आयने सरळ विचारलं.

"तुमी देवाला मानीत नाय म्हनं?"

"नाही आजी."

"मग दुखलं खुपलं तर कोनाला हाक मारता?"

"आईला."

सगळे हसले. तीही हसली. मग म्हणाली, "आनि आय मेल्यावर?"

मी म्हटलं, "मग आपलं आपण उठायचं."

"एकटीनं उठता येतं तवर ठीक हाय, बाय."

मला वाद घालता येतो. कॉलेजात बक्षिसं मिळवलीत. पण अशा ठिकाणी जिंकायचं नसतं हे माहीत असलं तरी जीभ ऐकत नाही. मी दुःख, दुःखाचं कारण, तृष्णा, सगळं समजावून सांगितलं, विहारात लहान मुलांना सांगते तसं. पास्कल अंकलनी पूर्ण ऐकून घेतलं. मग शांतपणे म्हणाले, "माझी बायको कॅन्सरने गेली. शेवटचे दोन महिने पाणीसुद्धा गिळता येत नव्हतं. तिला कसली तृष्णा होती?"

माझ्याकडे पुस्तकातलं उत्तर होतं. ते त्या माणसाच्या तोंडावर फेकण्याची हिंमत झाली नाही. मी उलट विचारलं, "तुमच्या देवाने काय उत्तर दिलं?"

"काही नाही."

"मग?"

"मग काय? अजून विचारतो. रोज."

आणि नेमकी ती वेळ साधून सुमेध म्हणाला, "ताई, तुला सांगायचं राहिलं. मी बाप्तिस्मा घेणार आहे. सोमवारी फादरकडे नाव द्यायचंय."

मोठी आयने दोन्ही हात छातीशी नेले. तिच्या चेहऱ्यावर असा आनंद मी फार कमी म्हाताऱ्या माणसांच्या चेहऱ्यावर पाहिलाय. त्यामुळे मला ओरडता येईना. हे त्याने मुद्दामच चारचौघांत सांगितलं होतं, गाढवाने.

"जरा शेत दाखव मला," मी म्हटलं आणि त्याला बांधावर नेलं. भात पिवळं झालं होतं, काही शेतं कापून झाली होती. दुसऱ्या दिवशी आगेरा होता, म्हणजे त्यांचा नव्या भाताचा सण.

"कधीपासून?"

"सहा महिने. रविवारी वर्ग असतो."

"म्हणजे जिम नव्हती."

"नव्हती."

"तुला पटलंय का ते सगळं?"

"अगं ताई, पाणी आहे. कपाळावर तीन वेळा. म्हातारी खूश, लग्न झकास, विषय संपला. पटायचं काय त्यात?"

मला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. मी त्याला आठवण करून दिली की आमच्या आजोबांनीही धर्म बदलला होता. गावाने पाणी तोडलं, तरी बदलला, कारण त्यांना पटलं होतं. लहानपणी विहारात हात जोडून सुमेधनेही बावीस प्रतिज्ञा म्हटल्यात, आणि देव अवतार घेतो यावर विश्वास ठेवणार नाही अशी त्यांतली एक आहे. धर्म बदलणं आमच्या घराला नवं नाही, खोटं बदलणं नवं आहे.

"प्रतिज्ञा म्हटल्या तेव्हा मी सात वर्षांचा होतो," तो म्हणाला. "तेव्हा तरी मला कुठे पटलं होतं? तू म्हण म्हणालीस, मी म्हटलं."

हे त्याने टोमणा म्हणून म्हटलं नाही, सहज म्हटलं. मला लागलं. रात्री अंथरुणावर पडून मी आईला काय सांगायचं ते जुळवत राहिले. माणसं चांगली आहेत हे खरं. मुलगी हुशार, कष्टाळू, हेही खरं. आणि तुझा मुलगा या चांगल्या माणसांना फसवतोय. हे तिसरं सांगितलं तर लग्न मोडतं. नाही सांगितलं तर मीही त्यात.

रविवार

सकाळी बँड आला. बायका तांबडी, चौकड्यांची लुगडी नेसून, केसांत फुलं माळून शेतात गेल्या. फादरनी उभ्या भातावर पाणी शिंपडलं, पास्कल अंकलनी विळ्याने लोंब्या कापल्या आणि त्यांची टोपली डोक्यावर घेऊन मिरवणूक चर्चकडे निघाली. सनई वाजावी तसा ट्रम्पेट वाजत होता. आमच्या गावाकडे सुगीला शेतात नारळ फोडत, आजोबांनी ते बंद केलं. पण नव्या धान्याचा वास तोच. क्षणभर मला कसलंही भांडण आठवलं नाही.

चर्चमध्ये मी मधल्या बाकावर बसले. शेरल गायकांत होती, अंकल पुढे टोपलीजवळ, मोठी आय पहिल्या रांगेत आणि सुमेध बाहेर मंडपात खुर्च्या लावत. म्हणजे माझ्या आजूबाजूला ओळखीचं कोणी नाही. मिस्सा, म्हणजे चर्चमधली प्रार्थना, मराठीत होती, तरी माझ्या उठाबशा चुकत होत्या. लोक गुडघे टेकत तेव्हा मी उभी, उभे राहत तेव्हा मी बसलेली. घामाने पाठ भिजली. तपासणीला आल्यासारखं वाटत होतं.

मग बाक रिकामे होऊ लागले. एकेक रांग उठून पुढे जात होती. आमच्या रांगेतल्या बाईला वाट द्यावी म्हणून मी आधी बाहेर पडले आणि तशीच रांगेत ढकलली गेले. पुढे एक गृहस्थ हातात वाटी घेऊन प्रत्येकाला काहीतरी देत होते. लोक तळहात पुढे करत होते. मीही केला. गाणं एवढ्या मोठ्याने चाललं होतं की ते काय म्हणाले ते मला ऐकू आलं नाही. हातावर पांढरी, पातळ, रुपयाएवढी चकती पडली.

आता मी काय केलं ते सांगते. आमच्या मजल्यावर मालवणी काकू राहतात, त्यांच्याकडे सत्यनारायण असतो. आई प्रसाद नाकारत नाही. नाकारला तर काकूंना वाईट वाटेल. खातही नाही, कारण खाल्ला तर आपल्या शब्दाला बट्टा. ती दोन्ही हातांनी घेते, रुमालात बांधते आणि खाली जाऊन वॉचमनला देते. तिघंही खूश. मी लहानपणापासून हेच पाहिलं, हेच शिकले. मी चकती मान लववून घेतली, बाजूला झाले, रुमालात गुंडाळली आणि पर्समध्ये टाकली. वर स्वतःवर खूशही झाले, की बघा, कुणाला न दुखवता निभावलं.

दुपारी अंगणात मोठी पंगत. फुगे नावाचे त्यांचे तळलेले गोल पाव, डुकराचं मटण, नव्या तांदळाची खीर. मी तीन फुगे खाल्ले. पर्स खुर्चीच्या पाठीला अडकवली होती. बोलता बोलता मोठी आयने तिच्या लहानपणची गोष्ट काढली. दहा वर्षांची असताना ती तापात मिस्सेला गेली, आणि कम्युनियनची, म्हणजे मिस्सेत सगळ्यांना देतात ती, चकती तिच्या तोंडातून जमिनीवर पडली.

"सगलं चर्च थांबलं," ती म्हणाली. "फादर गुडघ्यावर बसले. जमिनीवरनं ती उचलली नि खाल्ली. मग तेवढी जागा पान्यानं धुतली. मी तितं उभी, कापत. मना वाटलं मीच त्याला पाडलं."

"कोणाला?" मी विचारलं. घास हातातच होता.

"येशूला गो. ती काय निशानी नाय, का आठवन नाय. तो स्वतः."

"म्हणजे सगळे ती तिथेच खातात?"

"मग काय घरी नेतात? लोनच्यागत?" सगळे हसले. "कोनी हातात घेऊन गेला तर आमची मानसं दारात धरतात त्याला. जो मानीत नाय त्यानं घ्यायचीच नाय."

हातातला घास मी ताटात ठेवला. माझी पाठ पर्सला टेकली होती, मी सरळ झाले. पर्समध्ये घराच्या किल्ल्या, कंगवा, बाम आणि रुमालात या म्हातारीचा देव.

मी हात धुवायच्या निमित्ताने विहिरीमागे गेले आणि रुमाल उघडून बघितला. चकतीचे दुमडून दोन तुकडे झाले होते. थोडा चुरा. वास मैद्याचा. मी स्वतःला म्हटलं, प्रज्ञा, तुझ्या मते हे पीठ आहे, पाणी आणि पीठ. पिठाचा अपमान होत नाही. पण आमच्या विहारातल्या वंदनेच्या पुस्तकाचं पान फाडून त्यात कोणी भेळ बांधली तर? कागदाला काही होत नाही. मला होतं.

खाऊन टाकावी? मग न मानता खाल्ली असं होईल, तेही आजीने आत्ताच नको म्हणून सांगितल्यावर. ठेवून द्यावी? कुठे? सांगावं? सांगितलं तर ज्या घरात माझा पाय धुतला गेला त्या घरात मी देव चोरून नेणारी ठरणार. आणि सुमेधचं लग्न तिथेच संपणार, ते त्याच्या खोटेपणामुळे नाही, माझ्या शहाणपणामुळे.

सुमेध भांडी विसळायला आला. मी त्याला दाखवलं. त्याचा चेहरा उतरला, म्हणजे त्याला अर्थ कळला होता. मग त्याने इकडेतिकडे पाहिलं.

"वाट लागली. दे इकडे. खाडीत टाकतो."

"सुमेध."

"अगं पीठ आहे ताई. कोणाला कळणार?"

"मला माहीत आहे पीठ आहे. पण तू सहा महिने शिकतोयस ना, की ते पीठ नाही?"

"ते परीक्षेपुरतं गं."

परीक्षेपुरतं पाठ करणारी मुलं मी बारा वर्षं बघतेय. त्यांचा मला कधी राग आला नाही. पण त्या क्षणी मला दिसलं की हा मुलगा एक दिवस त्या म्हातारीसमोर उभा राहून तोंड उघडणार, चकती घेणार आणि मनात म्हणणार, कोणाला कळणार. मी त्याला अडवायचं म्हणते, आणि माझ्या हातात काय आहे?

मी सरळ अंगणात गेले. मोठी आय सुपारी कातरत होती, पास्कल अंकल खुर्च्या रचत होते, शेरल ताटं उचलत होती. मी त्यांच्यासमोर बसले.

"माझ्याकडून चूक झाली," मी म्हटलं. "सकाळी चर्चमध्ये ती चकती मी प्रसाद समजून घेतली. आम्ही प्रसाद खात नाही, पण नाकारतही नाही. ती माझ्या रुमालात आहे."

मग मोठी आयच्या हातातला अडकित्ता खाली पडला. ती उठली, कपाळापासून छातीपर्यंत क्रूस काढला, माझ्याकडे न बघता आत गेली आणि दार लावून घेतलं. ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

"ताई," शेरलने हातातली ताटं खाली ठेवली, "तुम्ही आमेन, म्हणजे 'मानते', असं म्हणालात?"

"नाही. काहीच म्हणाले नाही."

पास्कल अंकल आतून काचेची ताटली आणि इस्त्रीचा पांढरा रुमाल घेऊन आले. तो ताटलीत पसरून माझ्यासमोर धरला. "यात ठेवा. चुऱ्यासकट, तुमच्या रुमालासकट."

मग आम्ही चर्चकडे चालत निघालो. पुढे अंकल, दोन्ही हातांत ताटली धरून, मागे मी. सणाचा दिवस, रस्त्यात लोकच लोक. अंकलची चाल बघून लोकांना काहीतरी समजत होतं, ते बाजूला होत होते. एका काकांनी हातातला पेला घाईने पाठीमागे लपवला. दहा मिनिटांचा रस्ता असेल, पण लग्नाच्या वयाच्या भावाचं भवितव्य ताटलीत घेऊन चालल्यासारखी मी चालत होते.

फादर तरुण होते, टी-शर्टवर जेवत होते. अंकलनी दोन वाक्यांत सांगितलं. ते हात धुऊन आले, शर्ट चढवला आणि आम्हाला वेदीमागच्या खोलीत नेलं. ताटलीवर वाकून त्यांनी दोन्ही तुकडे उचलले. एका तुकड्याला माझ्या रुमालाचा निळा धागा चिकटला होता. तो त्यांनी काढला नाही. तसाच खाल्ला. मग दोन्ही रुमाल वाटीतल्या पाण्यात धुतले, ताटली धुतली आणि ते पाणी मागच्या जास्वंदीच्या मुळाशी ओतलं. माझा ओला रुमाल मला परत दिला.

बामाच्या, किल्ल्यांच्या, घामाच्या पर्समधली ती चकती. मी खाल्ली नसती. मी कशावरही विश्वास ठेवून अशी वस्तू खाल्ली नसती.

"मी तेव्हाच खायला हवी होती का?" मी विचारलं.

"नाही. खाल्ली नाहीत ते बरं."

"मग घ्यायलाच नको होती."

"नको होती," ते म्हणाले. ते गोड बोलणारे नव्हते, त्याचं मला बरं वाटलं. "झालं ते झालं, माहीत नव्हतं तुम्हाला. उद्या तुमचा भाऊ येतोय. त्याला पटलंय का?"

"ते त्याला विचारा," मी म्हटलं. "पण नीट विचारा."

परतताना अंकल म्हणाले, "लपवता आलं असतं तुम्हाला."

"हो."

अंगणात शेरल वाट बघत होती. तिने मला बाजूला घेतलं. "सुमेधला आधी दाखवलंत ना? मी बघितलं. तो काय म्हणाला?"

मी भावाला वाचवू शकले असते. घाबरला, म्हटलं असतं. मी तिला त्याचे शब्द जसेच्या तसे सांगितले. तिने ऐकलं आणि मागच्या दारी गेली. बराच वेळ दोघांचा आवाज येत होता, मग फक्त तिचा, मग कोणाचाच नाही. सुमेध माझ्याशी बोलेना. मोठी आयचं दार उघडलं नाही. सणाच्या दिवशी त्या घरात रात्री चूल पेटली नाही, आणि कारण मी.

सोमवार

दहा वाजता फादरच्या कार्यालयात मी, सुमेध, शेरल आणि अंकल बसलो. फादरनी वही उघडली, पेन हातात घेतलं आणि सुमेधला विचारलं, "काल तुझ्या ताईने जे आणलं होतं ते काय होतं?"

सुमेधने शेरलकडे पाहिलं. ती खिडकीबाहेर बघत होती. येशू म्हणाला तर तो माझा भाऊ राहणार नाही असं वाटत होतं आणि पीठ म्हणाला तर तो शेरलचा राहील का, हे कळत नव्हतं.

"मला माहीत आहे काय उत्तर द्यायचं ते," तो म्हणाला. मग थांबला. "पण मला ते पीठच वाटतं, फादर. मला शेरल हवी आहे. बाकीचं मी पाठ केलं होतं."

फादरनी वही मिटली. "मग बाप्तिस्मा नाही."

दुसरी वाट असते, ते म्हणाले. बाप्तिस्मा न घेतलेल्या माणसाशी लग्नाला बिशपची परवानगी घ्यायची. त्यासाठी मुलीने लिहून द्यायचं की ती स्वतःची श्रद्धा सोडणार नाही आणि होणाऱ्या मुलांचा बाप्तिस्मा व्हावा म्हणून तिच्याने होईल ते करील. त्यांनी कागद पुढे केला. मी तो दोनदा वाचला.

"यात माझा भाऊ काय कबूल करतो?"

"काही नाही. शेरलने असं वचन दिलंय हे कळल्याची सही, एवढंच."

"म्हणजे तो उद्या वेगळं म्हणू शकतो."

"म्हणू शकतो."

"मी पण म्हणणार," शेरल पहिल्यांदा बोलली. "मग आम्ही भांडणार."

मी सुमेधला म्हटलं, आज सही करू नकोस. घरी ने, वाच, आईला वाचून दाखव. शेरलनेही पेन खाली ठेवलं. ती त्याच्यावर अजून चिडलेली होती. पण उठताना तिने त्याच्या हातातून फाइल घेऊन कागद त्यात नीट लावला, कोपरा दुमडू न देता.

निघताना मोठी आय दारात आली. डोळे सुजलेले. अंकलनी तिला सगळं सांगितलं होतं. मी पायांशी वाकायला गेले तर तिने खांदा धरला.

"ती चकती येशू हाय, आनि येशू नाय. दोनी खरं नसतं, बाय."

"नाही आजी. नसतं."

"मग कोनतरी चुकतंय. तुमी, नायतर आमी."

"हो."

असं कोणी हो म्हणेल असं तिला वाटलं नसावं. "खोटं बोलून आलेला नातजावई मना नको होता," ती म्हणाली. "न माननारा..." पुढचं वाक्य तिने सोडलं. "पोरं झाली तर? त्यांना कोन काय सांगनार?"

"मला माहीत नाही," मी म्हटलं.

घरी पोहोचले तेव्हा आई मेथी निवडत बसली होती. मी एकही गोष्ट गाळली नाही. कोळंबी, बाटली मसाला, चकती, जास्वंदीच्या मुळाशी ओतलेलं पाणी, फादरचा प्रश्न, सुमेधचं उत्तर, कागद. चकतीच्या वेळी आईचा हात थांबला. "मीच शिकवलं तुला ते," ती म्हणाली. मला वाटलं आता ती रडेल. रडली नाही.

"सुमेध खरं बोलला?"

"उशिरा बोलला. पण बोलला."

"आणि पोरं झाली तर? त्यांना कोण काय सांगणार?"

खाडीच्या अलीकडून आणि पलीकडून, एकमेकींना कधीही न पाहिलेल्या दोन बायका तेच विचारत होत्या. मी आईलाही तेच उत्तर दिलं.

"एवढं शिकलीस आणि माहीत नाही?"

"नाही."

तिने निवडलेली मेथी बाजूला सारली, गुडघ्यावर हात ठेवून उठली. मी होकार दिलेला नाही, हे लक्षात ठेव, असं मला बजावलं. मग भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर उभी राहिली.

"जाऊ त्यांच्याकडे," ती म्हणाली. "शनिवार बघ. रविवारी त्यांचं देवाचं असतं."